आयुष्याचे भाकीत सांगणारी प्रथिने

१९१२ साली न्यूयॉर्कचे डॉ. आयझॅक अ‍ॅडलर यांनी फुप्फुसाच्या कर्करोगावर एक ग्रंथ लिहिला. जगभरचे वैद्यकीय साहित्य धुंडाळूनही त्यांच्या हाती जेमतेम ३७४ रुग्णांच्या नोंदी लागल्या. इतक्या दुर्मीळ आजारावर ग्रंथ लिहिणे योग्य ठरेल का, असा प्रश्न त्यांनी सुरुवातीलाच स्वतःला विचारला होता. २०२२ साली जगात याच आजाराचे सुमारे २४ लाख ८० हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि १८ लाखांहून अधिक माणसे त्याने दगावली. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत आज हा आजार पहिल्या क्रमांकावर आहे. मधल्या काळात सिगारेट कारखान्यातून निघून खेडोपाडी पोचली, हे त्याचे मुख्य कारण.

आजाराचा विस्तार बदलला, रुग्णाचा प्रश्न मात्र तोच राहिला. निदानाचा कागद हातात पडला की तो स्वतः किंवा त्याचा मुलगा दबक्या आवाजात विचारतो, ‘डॉक्टर, किती वेळ आहे?’ या प्रश्नाचे उत्तर विज्ञान गेली साठेक वर्षे रक्तातल्या आणि गाठीतल्या प्रथिनांत शोधत आहे. अमुक प्रथिन वाढलेले असेल तर रुग्ण लवकर जातो, तमुक दिसले तर जास्त जगतो, असे सांगणाऱ्या शोधनिबंधांची संख्या हजारांत गेली आहे. प्रत्यक्ष दवाखान्यात ज्यांच्या आधारे रोज निर्णय घेतला जातो, अशी प्रथिने मात्र एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. एवढ्या मोठ्या पिकातून इतके थोडे धान्य का हाती आले, याचा हिशेब आता मांडायला हवा. कारण नव्या, महागड्या चाचण्यांची लाट दारात उभी आहे आणि आपल्याकडे पैसा आणि वेळ दोन्ही मर्यादित आहेत.

प्रथिनांच्या आधी भाकितासाठी डॉक्टरांकडे होती ती नजर आणि शस्त्रक्रियेचा अनुभव. ५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतील सेंट लुइस येथे डॉ. एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी जेम्स गिलमोर या डॉक्टर रुग्णाचे कर्करोगग्रस्त डावे फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत संपूर्ण काढले. गिलमोर त्यानंतर सुमारे तीस वर्षे जगले. ग्रॅहम स्वतः सिगारेट ओढत. १९५० साली अर्न्स्ट वाइंडर यांच्यासह त्यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते दाखवणारा गाजलेला निबंध लिहिला आणि १९५७ साली त्याच आजाराने त्यांचा मृत्यू झाला. ज्याचे वाचणे कठीण वाटत होते तो रुग्ण शल्यविशारदाच्या मागे राहिला. एकेका माणसाविषयी भाकीत करणे किती अवघड आहे, हे या जोडीकडे पाहून कळते.

पुढे मोजमापे आली. १९४८ साली न्यूयॉर्कच्या डेव्हिड कार्नॉफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायट्रोजन मस्टर्ड हे औषध कर्करोगाच्या, मुख्यतः फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना देऊन पाहिले. औषधाचा परिणाम मोजता यावा म्हणून त्यांनी रुग्णाच्या हालचालींवर शून्य ते शंभर असे गुण ठरवले. स्वतःची कामे स्वतः करणारा वर, अंथरुणाला खिळलेला खाली. फ्रान्सचे पिएर दनुआ यांनी १९४० च्या दशकात गाठीचा आकार, लसीकाग्रंथी आणि शरीरातला फैलाव यांवरून कर्करोगाचे टप्पे पाडण्याची पद्धत आखली. या दोन्ही गोष्टी आजही वापरात आहेत आणि बहुतेक प्रथिनांपेक्षा त्या अधिक भरवशाच्या ठरल्या आहेत. तरी एक कोडे उरतेच. पहिल्याच टप्प्यात सापडलेली, पूर्णपणे काढून टाकलेली, एकसारखी दिसणारी गाठ एकाच्या अंगात पुन्हा उगवते आणि दुसऱ्याच्या उगवत नाही. हा फरक टप्प्यात दिसत नाही, तर तो गाठीच्या रसायनात असला पाहिजे, या तर्कातून प्रथिनांचा शोध सुरू झाला.

त्यासाठी लागणारी हत्यारे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झाली. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सर्गी खुणेच्या मदतीने रक्तातले अत्यल्प प्रथिनही मोजण्याची पद्धत शोधली. बर्सन यांच्या मृत्यूनंतर, १९७७ साली, यॅलो यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९७५ साली सीझर मिलस्टाइन आणि जॉर्ज कोलर यांनी एकाच प्रथिनाला नेमके चिकटणारे प्रतिपिंड हवे तेवढे बनवण्याची युक्ती दाखवली. गाठीचा पातळ छेद काचेवर घ्यायचा, त्यावर असे प्रतिपिंड सोडायचे, रंग उमटला तर प्रथिन आहे असे समजायचे, ही पॅथॉलॉजिस्टची रोजची रीत त्यातून रुजली. संख्याशास्त्रानेही साथ दिली. १९५८ साली कॅप्लन आणि मायर यांनी पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा जगण्याचा आलेख दिला, तर १९७२ साली डेव्हिड कॉक्स यांनी अनेक घटकांचा परिणाम वेगवेगळा काढण्याचे गणित मांडले. आता कुठल्याही रुग्णालयाच्या कपाटातले जुने नमुने, एक प्रतिपिंड आणि एक संगणक एवढ्या भांडवलावर भाकीत सांगणारे प्रथिन ‘सापडू’ लागले.

रक्तातल्या प्रथिनांपासून सुरुवात करू. १९६५ साली माँट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांना आतड्याच्या कर्करोगात सीईए हे प्रथिन सापडले. फुप्फुसाच्या कर्करोगातही ते वाढते, पण कर्करोग नसलेल्या धूम्रपान करणाऱ्यांतही ते वाढलेले आढळते. म्हणजे ज्यांना या चाचणीची सर्वाधिक गरज, त्यांच्याच बाबतीत ती गोंधळ घालते. १९९० च्या दशकात सायफ्रा २१-१ आले. मरणाऱ्या पेशींतून सुटणारे हे केराटिनचे तुकडे. २००४ साली २,०६३ रुग्णांची माहिती एकत्र करून झालेल्या अभ्यासात हे तुकडे जास्त असणाऱ्यांचे आयुष्य कमी, हे नीट सिद्ध झाले. निष्कर्ष पक्का होता, तरीही ही चाचणी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या उपचाराचा आधार बनली नाही. आकडा जास्त आला तर डॉक्टरांनी वेगळे काय करायचे, याचे उत्तर तिच्याजवळ नव्हते.

हीच गोष्ट सूज दाखवणाऱ्या प्रथिनांची. सीआरपी हे प्रथिन १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडले. २००३ साली ग्लासगोच्या संशोधकांनी सीआरपी आणि अल्ब्युमिन या दोन साध्या प्रथिनांची जोडी करून शस्त्रक्रिया न होऊ शकणाऱ्या फुप्फुस-कर्करोगाच्या रुग्णांचे आयुष्यमान वर्तवले. सीआरपी लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर आणि अल्ब्युमिन ३५ ग्रॅमच्या खाली असेल, तर अंदाज वाईट. तालुक्याच्या प्रयोगशाळेत होणारी ही तपासणी कित्येक महागड्या चाचण्यांच्या तोडीची निघाली, हे महत्त्वाचे आहे. पण सीआरपी फक्त गावात आग लागल्याची दवंडी पिटते, कोणाच्या घराला लागली ते तिला ठाऊक नसते. क्षयरोग घरोघरी असलेल्या आपल्या देशात ही मर्यादा अधिकच जाचते.

गाठीतल्या प्रथिनांचा इतिहास याहून नाट्यमय आहे आणि त्यातला सर्वांत शिकण्याजोगा अध्याय ईआरसीसी-१ या प्रथिनाचा. २००४ साली एका आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष आले. शस्त्रक्रिया झालेल्या १,८६७ रुग्णांपैकी निम्म्यांना सिसप्लॅटिनवर आधारित केमोथेरपी देण्यात आली होती. पाच वर्षांनंतर केमो घेतलेल्यांत ४४.५ टक्के हयात होते, न घेतलेल्यांत ४०.४ टक्के. शंभर जणांनी उलट्या, अशक्तपणा, मूत्रपिंडावरचा ताण सोसायचा आणि त्यातल्या चौघांचा जीव वाचायचा, असा हा हिशेब. ते चौघे आधीच ओळखता आले तर?

ईआरसीसी-१ हे ओळखून देईल, असे वाटण्यामागे भक्कम तर्क होता. सिसप्लॅटिन पेशीचा डीएनए बिघडवते आणि ईआरसीसी-१ तो दुरुस्त करते. ज्या गाठीत हे प्रथिन भरपूर, तिच्यावर औषध चालणार नाही. २००६ साली याच चाचणीतल्या ७६१ गाठी तपासण्यात आल्या. प्रथिन नसलेल्या रुग्णांना केमोचा फायदा स्पष्ट दिसला, असलेल्यांना दिसला नाही. उलट केमो न घेतलेल्यांत प्रथिन असलेलेच जास्त जगले होते. तर्क जुळला, आकडे जुळले, जगातल्या सर्वांत प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात निबंध आला. त्यावर विसंबून पुढच्या चाचण्याही आखल्या गेल्या.

२०१३ साली त्याच संशोधक-परिवाराने त्याच नियतकालिकात आपला निष्कर्ष टिकत नसल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दोन चाचण्यांतील रुग्णांवर तो पडताळून पाहिला तेव्हा फायदा दिसला नाही. जुन्याच नमुन्यांवर त्याच नावाचे प्रतिपिंड पुन्हा वापरले तर निकाल वेगळे आले, कारण मधल्या वर्षांत त्या प्रतिपिंडाचा गुणधर्मच बदलला होता. पुढे असेही दिसले की ईआरसीसी-१ चार रूपांत तयार होते, त्यांपैकी एकच रूप डीएनएची दुरुस्ती करते आणि बाजारात मिळणाऱ्या १६ प्रतिपिंडांपैकी एकालाही ते रूप वेगळे ओळखता येत नाही. आपलीच चूक इतक्या ठळकपणे छापणाऱ्या या संशोधकांचे ऋण मान्य केले पाहिजे. प्रथिन खरे, तर्क खरा, पण ज्या साधनाने मोजले तेच डळमळीत असेल तर सगळी इमारत कोसळते, हे त्यांच्यामुळे जगाला कळले.

ईआरसीसी-१ तपासले तरी गेले. इतर शेकडो प्रथिनांच्या वाट्याला ही पडताळणीही आली नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात कर्करोगाचे भाकीत सांगणारे सुमारे दीड हजार निबंध तपासण्यात आले, तेव्हा त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक निबंधांनी यश मिळाल्याचे सांगितलेले दिसले. इतके यश निसर्गात नसते. ज्यांना काही सापडले नाही, त्यांचे कागद कपाटातच राहिले असणार. शिवाय प्रथिनाची पातळी ‘जास्त’ कधी म्हणायची, ही रेषा अनेकदा निकाल पाहून आखली जाते. दहा ठिकाणी रेषा ओढून पाहायची आणि जिथे दोन आलेख सर्वांत दूर जातात ती जागा छापायची. डग्लस ऑल्टमन यांच्यासारखे संख्याशास्त्रज्ञ १९९० च्या दशकापासून याविरुद्ध बजावत होते. २००५ साली अशा निबंधांत काय काय उघड सांगितलेच पाहिजे याची ‘रिमार्क’ ही नियमावली त्यांनी आणि इतरांनी मिळून प्रसिद्ध केली. नियम आले, सवय मात्र हळू बदलते आहे.

मग टिकले काय? त्यासाठी तीन प्रथिनांची तुलना पुरेशी आहे.

पहिले ईजीएफआर. हे प्रथिन फुप्फुसाच्या गाठींत पुष्कळदा जास्त असते, म्हणून त्याला अडवणारे जेफिटिनिब हे औषध प्रथिनाच्या प्रमाणानुसार चालेल, असा समज होता. २००४ साली बॉस्टनमधील दोन गटांना या प्रथिनाच्या जनुकातले विशिष्ट बदल सापडले. २००९ साली पूर्व आशियातील १,२१७ रुग्णांच्या चाचणीने निकाल लावला. बदल असलेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के रुग्णांच्या गाठी औषधाने लहान झाल्या, बदल नसलेल्यांत हे प्रमाण १ टक्का होते. प्रथिन किती आहे याने फरक पडला नाही, ते बिघडलेले आहे का याने पडला.

दुसरे एएलके. २००७ साली जपानमध्ये हिरोयुकी मानो यांच्या गटाला फुप्फुसाच्या काही गाठींत एएलकेचे जनुक दुसऱ्या एका जनुकाशी चुकीचे जोडले गेल्याचे आढळले. प्रौढ माणसाच्या निरोगी फुप्फुसात एएलके प्रथिन नसतेच. त्यामुळे छेदावर रंग उमटला म्हणजे बिघाड आहे, नाही म्हणजे नाही, रेषा कुठे आखायची हा वादच येत नाही. असे रुग्ण शंभरात चार-पाचच, पण त्यांचे नशीब पालटले. एएलकेला अडवणारे लोरलॅटिनिब हे औषध घेणाऱ्या ६० टक्के रुग्णांचा आजार पाच वर्षांनंतरही वाढला नव्हता, त्याच प्रकारच्या जुन्या क्रिझोटिनिबवर हे प्रमाण ८ टक्के होते. शरीरभर पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगात एका पिढीपूर्वी हा आकडा कोणी खरा मानला नसता.

तिसरे पीडी-एल१, आणि ते या दोहोंच्या मधले. क्योतोच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेला १९९२ साली सापडलेल्या पीडी-१ या रेणूचा हा जोडीदार, गाठीला रोगप्रतिकारक पेशींपासून लपवणारा. २०१६ साली ही जोडी तोडणाऱ्या, दोन कंपन्यांच्या दोन औषधांची परीक्षा जवळजवळ एकाच वेळी झाली. एकीने निम्म्याहून अधिक पेशींवर पीडी-एल१ असलेले ३०५ रुग्णच निवडले. पाच वर्षांनी तिचे पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध मिळालेल्यांत ३१.९ टक्के हयात होते, आधी केमो मिळालेल्यांत १६.३ टक्के. दुसऱ्या कंपनीने ५ टक्क्यांची सैल रेषा धरली आणि तिचे औषध केमोपेक्षा सरस ठरले नाही. रेषेखेरीज रुग्णांच्या वाटणीतली असमानताही त्याला कारणीभूत असावी, पण धडा लख्ख होता. तरीही निम्म्याहून अधिक पेशींवर हे प्रथिन असलेल्यांपैकी निम्म्यांच्याही गाठी औषधाने लहान झाल्या नाहीत. वेगवेगळी प्रतिपिंडे एकाच छेदावर वेगवेगळे आकडे दाखवतात, हेही तुलनांतून पुढे आले. पीडी-एल१ उपयोगी आहे आणि अपुरेही आहे.

या तिघांत समान काय, ते पाहिले की इतिहासाचा निवाडा कळतो. ‘किती दिवस’ या प्रश्नाचे उत्तर देणारी प्रथिने आली आणि गेली. ‘कोणते औषध’ याचे उत्तर देणारी टिकली. जी टिकली ती तीन कसोट्यांना उतरली: ती (पीडी-एल१ काही अंशी वगळता) सगळीकडे सारखी मोजता येतात, दुसऱ्यांच्या रुग्णांवर पडताळली गेली आणि त्यांच्या निकालाने उपचार बदलतो. तिसरी कसोटी तर सर्वांत कठोर. २०१४ साली इटलीतील एका चाचणीत रक्तातल्या प्रथिनांच्या ठशावरून एर्लोटिनिब हे ईजीएफआरला अडवणारे औषध कोणाला देऊ नये हे दाखवता आले होते. पण ईजीएफआर बदल नसलेल्यांना हे औषध देण्याची प्रथाच लवकर मागे पडली आणि चांगली चाचणी प्रश्नाअभावी निकामी ठरली.

आता नवी लाट. ब्रिटनच्या यूके बायोबँकेत ५४ हजार लोकांच्या रक्तातली जवळपास तीन हजार प्रथिने मोजली गेली आहेत. हा खजिना मोलाचा आहे, पण धोकाही तेवढाच. तीन हजार प्रथिनांवर पाच टक्क्यांची नेहमीची चाळणी लावली तर निव्वळ योगायोगाने दीडशेच्या आसपास प्रथिने ‘महत्त्वाची’ ठरतील. एका वेळी एक प्रथिन तपासताना जी चूक झाली, ती आता घाऊक प्रमाणात होऊ शकते.

महाराष्ट्राला या हिशेबातून काय घ्यायचे आहे? भारतात २०२२ साली फुप्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे ८१ हजार नवे रुग्ण आणि ७५ हजार मृत्यू झाले असावेत, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. हे दोन आकडे इतके जवळ आहेत, याचा अर्थ बहुतेकांचे निदान उशिरा होते. कित्येकांना आधी क्षयाच्या गोळ्या चालू होतात आणि महिने निघून जातात. बायोप्सीत मिळणारा तुकडा तांदळाच्या दाण्याहून लहान. तो चार तपासण्यांतच संपतो आणि गावाकडचा नातेवाईक स्लाइड आणि ब्लॉक पिशवीत घेऊन मुंबईच्या वाऱ्या करतो. अशा परिस्थितीत त्या तुकड्यावर कोणत्या तपासण्या आधी करायच्या, हा शास्त्राइतकाच न्यायाचा प्रश्न आहे. ईजीएफआर आणि एएलके आधी, कारण त्यांवरची औषधे गोळ्यांच्या रूपात आहेत आणि त्यांतली जुनी तुलनेने स्वस्त. पीडी-एल१ चा आकडा लिहून दिला आणि औषध कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असले, तर तो आकडा फक्त मनस्ताप देतो.

स्वतःच्या रुग्णांवर स्वतःचे प्रश्न तपासण्याची कुवत आपल्याकडे आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने ईजीएफआर बदल असलेल्या ३५० रुग्णांवर केलेली चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. नुसत्या जेफिटिनिबऐवजी त्याच्या जोडीला केमो दिली तर आजार आटोक्यात राहण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ वर गेला, दुष्परिणाम मात्र वाढले. अशा चाचण्यांना लागते ती गोष्ट म्हणजे पाठपुरावा, आणि त्याचीही परंपरा आपल्याकडे आहे. देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ साली सुरू झाली, तर पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला. तिथल्या कार्यकर्त्यांनी गावोगाव, घरोघर जाऊन रुग्ण हयात आहे की नाही याची खबर घेतली. म्हणूनच बार्शीचे आकडे जगण्याच्या आंतरराष्ट्रीय तुलनेत जागा मिळवू शकले. आजही देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम चौथाई मृत्यूंचे कारण डॉक्टरांकडून प्रमाणित होते. कोण कधी आणि कशाने गेले हेच ठाऊक नसेल, तर कोणते प्रथिन आयुष्य वर्तवते हे सिद्ध करणार कसे? जगण्याचे प्रत्येक भाकीत अखेर मृत्यूच्या नोंदवहीवर उभे असते.

म्हणून मागण्या साध्या आहेत. सरकारी योजनांनी ईजीएफआर आणि एएलकेची तपासणी औषधाबरोबरच मोफत करावी. संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थांनी नवे प्रथिन शोधणाऱ्यांइतकाच मान जुने पडताळणाऱ्यांना द्यावा आणि पडताळणी क्षयग्रस्त भारतीय लोकसंख्येत व्हावी, असा आग्रह धरावा. नोंदणी केंद्रांना घरोघर फिरणारे कर्मचारी कायमस्वरूपी मिळावेत. आणि वाचकांना एक विनंती: आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये ‘ट्यूमर मार्कर’ मोफत मिळतो म्हणून करून घेऊ नका. निरोगी माणसाच्या सीईएच्या आकड्याने फुप्फुसाचा कर्करोग ना सापडतो ना टळतो. तीन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, थुंकीतून रक्त पडत असेल, क्षयाच्या गोळ्यांनी उतार पडत नसेल, तर छातीचा फोटो काढा आणि गरज पडल्यास सीटी स्कॅनचा आग्रह धरा. आणि घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर ती आज सोडवा. कोणत्याही प्रथिनाने आजवर वाचवले नाहीत इतके जीव त्याने वाचतील.